मोहाखालचा थांबा

गुणाकर वकिलांची वाऱ्याशी शर्यत लावणारी विलायती मोटार आता म्हातारी झाली होती. लांजीच्या वाटेवर ती तापायची. मग पाण्याचा डबा बाहेर काढून, इंजिन निवेपर्यंत वकीलसाहेब आणि सुनंदाबाई मोहाखाली बसत. गोड वासानं डोळे जड होत, पदरात फुलं टपटपत आणि कोर्टकचेरी स्वप्नातल्यासारखी दूर जाई.

आजही बॉनेट उघडून ते बायकोशेजारी येऊन टेकले.

"नवी गाडी घ्यावं का?" त्यांनी हळूच विचारलं. "ते तापत नाही म्हणते. मधात कुठं थांबाचं काम नाही."

सुनंदाबाई फुलं वेचत राहिल्या.

"घ्या ना," त्या म्हणाल्या. "डब्यातलं पाणी तं मांगच्या सालापासून भरलंच्या भरलं घरी वापस येते. नव्या गाडीतबी तो डबा तेवढा ठेवजा."