नवसाचं बकरं

सोनोग्राफीत दिसणारा लेकीच्या यकृतातला पाण्याचा फोड म्हाळू धनगरानं तिथंच ओळखला. असले फोड त्यानं मेंढरांच्या कलेजीत जन्मभर बघितले होते, आणि ती खराब कलेजी दर वेळी कुत्र्यापुढं टाकली होती.

“हा फोड जंताचा. असल्या फोडाची कलेजी खाऊनच कुत्र्याला तो जंत होतो,” डॉक्टर म्हणाले. “त्याची अंडी कुत्र्याच्या केसांना चिकटतात, ती माणसाच्या पोटात गेली की असा फोड धरतो. पोर कुत्र्याशी खेळते?”

रंगी झिप्र्याच्या कुशीतच झोपायची.

ऑपरेशननंतर तिला घेऊन तो पालावर पोचला, तेव्हा थोरल्या भावानं तिच्या नवसाचं बकरं कापलं होतं.

“कलेजीला फोड होते बघ,” भाऊ म्हणाला. “टाकली झिप्र्याला.”

म्हाळूच्या तोंडून शब्द फुटायच्या आत झिप्र्या जबडा चाटत धावत आला, आणि टाक्यांचं पोट सावरत रंगी त्याच्या गळ्यात पडली.