माफ केलेलं नाही

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या शिंपिणीच्या पत्राला गुंडेरावांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. ‘माझ्या मुलानं तुमच्या संकर्षणचा जीव घेतला. तरी त्याला फाशी नको, एवढं दयेच्या अर्जासाठी लिहून द्या.’ अर्जाच्या मुदतीला आठवडाच उरला होता. कुणाचाही जीव घेण्याचा हक्क कुणालाच नाही, हे त्यांनी जन्मभर मानलं. पण आज लिहिताना स्वतःचीच खात्री वाटेना. बायकोनं कागद ओढला. “पोटचं पोर गेलं! तुम्ही सुम्मने, उगाचच, पुस्तकातलं काय लिहिताय?” “जगायचा हक्क त्याचाही आहे गं,” ते पुटपुटले. “म्हणजे माफ केलंत?” “नाही.” तिनं कागद परत त्यांच्यापुढे सरकवला. “मग तेही लिहा. दोघांच्या नावानं.” त्यांनी लिहिलं. तिनं पातेल्यातलं भाताचं शीत बोटावर घेऊन पाकीट चिकटवलं. टपालपेटीशी त्यांचा हात अडला. शीत ओलंच होतं. पाकीट उघडता आलं असतं. त्यांनी ते आत टाकलं.