पोचल्याची हाक

"बाबा, माझे हात कापतायत," फोनमधून लेक म्हणाली.

रोपवेवाल्याने फोन स्पीकरवर टाकून वरच्या स्टेशनातल्या आपल्या खोलीच्या खिडकीत उभा केला. दिवसाची शेवटची ट्रॉली नुकतीच खाली निघाली होती आणि त्याचा उजवा हात यंत्राच्या दांड्यावर होता. खालच्या स्टेशनातून "पोचली!" अशी आरोळी आल्याखेरीज दांडा सोडायचा नाही, हा त्याचा नेम. लेकीलाही हे काम त्यानेच या खोलीत शिकवलेलं. आता ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच डोंगरावर, आज पहिल्यांदा एकटी ट्रॉली सोडणार होती. इथे दिवस कलला होता, तिथे नुकतं फटफटत होतं.

"कापू देत. पहिल्या दिवशी माझे पायसुद्धा कापत होते. माणसं कशी आहेत?"

"गप्प. वेळेआधी येऊन रांगेत उभी राहतात."

"म्हणजे चप्पल राहिली म्हणून ट्रॉली थांबवणारं कोणी नाही?"

"कोंबडी मांडीवर घेऊन बसणारंही नाही."

"मग करमतं कसं त्यांना?" तिकीटवाल्या मावशी मध्येच म्हणाल्या. त्यांचे कान कायम दुसऱ्याच्या फोनला लागलेले.

लेक हसली, पण लगेच म्हणाली, "बाबा, इथे कुणी 'पोचली' म्हणत नाही. नुसता हिरवा दिवा लागतो. माणसं आत असताना दिव्यावर कसं विसंबायचं? मला नाही जमणार. इथल्या साहेबांना सांगते, दुसऱ्या कुणाला बसवा. परत येते मी."

'ये' हा शब्द बापाच्या अगदी जिभेवर आला होता. तेवढ्यात खालून "पोचली!" अशी आरोळी आली. मावशींनी किल्ल्या वाजवल्या. पण त्याने दांडा सोडला नाही. समोरच्या कड्यावर सूर्य टेकला होता.

"ऐक. मी इकडून सूर्य सोडतोय. तिकडे पोचला की हाक मार."

"बाबा, मी काय लहान आहे?"

"सोडला!"

सूर्य कड्याआड गेला. खोलीत गारठा शिरला. फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता.

"सूर्याला तिकीट नाही म्हणून बरं," मावशी पुटपुटल्या. "नाहीतर मला आणखी थांबावं लागलं असतं."

"पोचला!" फोन असा काही ओरडला की मावशींच्या हातून किल्ल्या पडल्या.

"मग आता तुझी सोड."

तिकडे दांडा ओढल्याचा आवाज आला. "सोडली," लेक म्हणाली.

रोपवेवाला जागचा हलला नाही.

"अहो, आपली केव्हाच पोचली की!"

"अजून एक पोचायचीये, मावशी."

मावशींनी स्टूल ओढलं आणि त्याही बसल्या.

बऱ्याच वेळाने लेक म्हणाली, "दिवा लागला, बाबा."

"दिवा राहू दे. हाक मार."

"पोचली!"

आणि तिच्या पाठोपाठ त्या गप्प रांगेतून कुणीतरी, मग आणखी कुणीतरी, अर्थ न कळता, वेड्यावाकड्या उच्चारात तीच आरोळी ठोकली. मग सगळी रांग खो खो हसली.

रोपवेवाल्याने दांड्यावरचा हात उचलला आणि आधी डोळे पुसले.

"बघाच तुम्ही," किल्ल्या उचलत मावशी म्हणाल्या, "उद्या तिथे कोंबडीही चढेल."