पहिला वास

"नाकात औषध झिरपवणारं इम्प्लांट बसवलंय, आता जंतू मरतील. पहिला वास आला की लगेच कळवा," डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

सायनसमुळे वर्षभर तिला कसलाच वास येत नव्हता. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या पाठीची जखम तीच धुवायची. बाकीचे नाकाला रुमाल लावून दारातूनच परतायचे.

"तुझं नाक बंद आहे म्हणून माझं निभतंय गं बाई. ते उघडलं की तूही पळशील."

"नाही पळणार, आई. शब्द देते."

आज जखम धुताना तिने एकदम हात थांबवून श्वास रोखला. सासूबाईंनी मान वळवून पाहिलं.

"आला ना वास? तू खोटं बोलत नाहीस कधी, म्हणून विचारते."



"छे हो, कसला वास!" ती म्हणाली आणि नवा कापूस घेऊन आणखी जवळ सरकली.