वाक्यात उपयोग

आमचा दादा क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो, त्यामुळे चारचौघांत एखाद्या शब्दाचा अर्थ सांगितल्याशिवाय त्याला घास उतरत नाही. नदीकाठी तंबू ठोकून झाले, म्हणजे ते वहिनीने आणि मी ठोकले, आणि हा घडीच्या खुर्चीत पाय पसरून सुरू झाला.

"कॅम्पिंग म्हणजे घर विसरून मोकळं राहायचं. वेळेचं बंधन नाही, कुणाची कटकट नाही. कळला अर्थ? आता वाक्यात उपयोग करायला शिका."

त्याच्या तीन मित्रांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. वहिनी तेव्हा सहा जणांच्या जेवणासाठी उकिडवी बसून कांदे चिरत होती. कुकर, सुरी, मसाल्याचा डबा, अगदी भांड्यांचा साबणसुद्धा तिनेच आठवणीने आणला होता. एकदा तिने "जरा बादलीभर पाणी आणता का?" म्हणून विचारलं, तर साहेब म्हणाले, "अगं, मी सुट्टीवर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने तंबूतूनच चहाची ऑर्डर सोडली. दोनदा हाक मारूनही उत्तर येईना, तेव्हा कुठे स्वारी बाहेर आली. स्टोव्ह थंड होता आणि गाडी जागेवर नव्हती.

तेवढ्यात घरच्या ग्रुपवर वहिनीचा मेसेज आला.



"अर्थ कळला. वाक्यात उपयोग: मी घरी पोचले असून, तुम्ही परत येईपर्यंत इथे एकटीच कॅम्पिंग करणार आहे."