जिराफाची शिंक

जिराफाच्या मानेवर चहा सांडला तेव्हा तिच्या एका हातात ब्रश होता आणि दुसऱ्या हातात नवऱ्याचा मोजा.

“जेवायच्या टेबलावर पसारा मांडलास तर असंच होणार,” नवरा कप उचलत म्हणाला. “दुसरा मोजा कुठाय?”

“पायात बघ.”

त्याने पाहिलं. होता.

ती फडक्याने मान टिपत राहिली. डाग गेला नाही, पसरला. शेवटी तिने त्याच्याभोवती रेघ ओढली आणि जिराफाला आणखी एक ठिपका बहाल केला.

चिमुकल्यांसाठीचं तिचं चित्रांचं पुस्तक जवळजवळ झालं होतं. जिराफाला शिंक येते, पण मान एवढी लांब, की शिंक वर पोचेपर्यंत सकाळची दुपार होते आणि सारं जंगल खोळंबून बसतं. तिचंही तसंच व्हायचं. सुचलेलं वाक्य डोक्यातून हातात उतरेपर्यंत वाटेत कुकर, दारावरची बेल आणि सासूबाई अशा चौक्या लागायच्या.

“झालं का गं तुझं रंगकाम?” सासूबाई आतून म्हणाल्या. “गादीची खोळ कधीची बदलायची राहिलीय.”

“आलेच, आई.”

“घाई नाही हो. जिराफाचं आटपून घे आधी. आम्ही काय, माणसं.”

घरात या पुस्तकाच्या बाजूचं एकच माणूस होतं आणि ते बालवाडीत जायचं. चिमीला अख्खी गोष्ट पाठ होती. शिंक वर चढायला लागली की टेबलाखाली लपायचं, हा तिचाच नियम. मध्येच आजीने हाक मारली तर तीच ओरडायची, “आजी, थांब ना! गळ्यापर्यंत आलीय!” शेजारची मुलगी खेळायला आली की चिमी आधी धावत जाऊन चित्रं उपडी घालायची. “रंग ओले आहेत,” असं मोठ्या बाईसारखं सांगायची. कोरडे असले तरी. तेवढी काळजी घरात दुसरं कुणी घेत नव्हतं.

संपादकबाईंची पद्धत निराळी होती. पुस्तक निवडायचं काम त्या स्वतः करत नसत. आलेले नमुने, लिहिणाऱ्याचं नाव झाकून, एखाद्या बालवाडीत वाचून दाखवायच्या आणि मुलांना विचारायच्या, कुठलं आवडलं? ज्याला जास्त हात, ते छापायचं. या खेपेला नेमकी चिमीचीच बालवाडी निघाली.

तिने फोन करून खरं ते सांगून टाकलं. “माझीच मुलगी आहे हो त्या वर्गात.”

“असू दे की,” संपादकबाई हसल्या. “एका हाताने टाळी वाजते होय?”

वाचनाच्या दिवशी सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, “याआधी दोनदा पुस्तक नापास झालं. या वेळीही नाही जमलं तर संपलं. टेबल तुझं.”

“मी कधी मागितलं टेबल?”

“रोज मागतोस. तोंडाने नाही, कपाने.”

मग तिने चिमीला बजावलं, “वाचताना ‘ही माझ्या आईची गोष्ट’ म्हणून ओरडायचं नाही. आणि आवडली तरच हात वर करायचा.”

“खूप जणांनी हात वर केले तर?”

“तर पुस्तक छापतील. मग आपला जिराफ सगळ्या मुलांच्या घरी जाईल.”

“सगळ्या?”

“सगळ्या!”

चिमीने मान डोलावली आणि दूध एका दमात संपवलं. एरवी पेला घेऊन मागे धावावं लागायचं. ‘शुभशकुन,’ ती मनात म्हणाली.

फोन आला तेव्हा ती खोळ चढवत होती. अर्धी गादी आत, अर्धी बाहेर.

“ढगाच्या पुस्तकाला पुष्कळ हात आले,” संपादकबाई म्हणाल्या.

“आणि जिराफाला?”

“नाही हो.”

“थोडे तरी?”

“एकही नाही. मला वाटलं होतं, धमाल उडेल. पण मुलं नुसती चिडीचूप. एकमेकांकडे बघत बसली.”

चिमीचं नाव दोघींपैकी कुणीच काढलं नाही.

ती गादीवर बसून राहिली. खापर फोडायला नवरा होता, सासूबाई होत्या, कुकर होता. ती यादी तोंडपाठ होती. पण लेकीच्या हाताचं काय करायचं? मोठी माणसं मन राखायला हात वर करतात. लेकरं नाही करत. पोर घरी हसत होती ती आईसाठी. वर्गात तिने खरं ते सांगितलं.

तिने खोळ पुरी चढवली. मग जिराफाला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि ब्रश सासूबाईंपुढे धरले. “घ्या. शिलाई मशीनची धूळ झटकायला बरे पडतील.”

सासूबाई ब्रश घेऊन तशाच उभ्या राहिल्या. “मी वाचलं होतं गं,” त्या म्हणाल्या. “हसू आलं मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू चालली होतीस की जोरात. चालत्या गाडीला कोण धक्का मारतं?”

तिला रडू आलं नाही, रागच आला. आणि कुणावर काढावा ते कळेना, म्हणून तिने टेबल खसाखसा घासून काढलं. एवढं लख्ख ते कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

शाळा सुटून आलेली चिमी मोकळ्या टेबलाकडे बघत राहिली.

“जिराफ कुठाय?”

“माळ्यावर. आता तो नाही यायचा खाली.”

“म्हणजे आपल्याच घरात आहे ना?”

“हो.” ती गुडघ्यांवर बसली. “चिमी, मी रागावणार नाही. गोष्ट आवडली नाही म्हणून तू हात वर नाही केलास ना?”

“कुणालाच नाही करू दिला!” चिमीने आईच्या गळ्यात हात टाकले. “सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं, जिराफाला जो हात वर करेल त्याच्याशी जन्माची कट्टी. आपला जिराफ मी देईन होय त्यांना?”