चौथी सीडी

पप्पांवर जिचा आळ होता ती चोरी झाली त्या वेळी ते अंबडच्या बसस्टँडवर बाकड्याच्या मधोमध बसलेले होते, हे दाखवणारा एकच व्हिडिओ आमच्याकडे होता. त्याच्यावरच त्यांची सुटका होती. कोर्टाला तो सीडीवर लागायचा, आणि सीडी ठरलेल्या फॉरमॅटमध्ये नसली की तिथला बाबू सरळ परत करायचा. कल्याणमामाच्या दुकानात सीड्या भरून फॉरमॅट तपासायचं काम मी सुट्टीतच शिकले होते. शाळेतून गणवेशातच दुकानात आले आणि दारात बसलेल्या आईला ऐटीत म्हणाले, "पाच मिनटांत देते."

पहिली सीडी तपासणीत पास झाली. चालवून बघितली, तर पप्पा बाकड्याच्या टोकाला सरकलेले.

दुसरीही पास झाली. तिच्यात ते उठून उभे होते.

तिसरीतही एक चूक निघाली नाही. बाकडं मात्र रिकामं होतं. मी घाईघाईनं कंप्युटरमधला मूळ व्हिडिओ उघडला. पप्पा जागेवरच होते.

"जल्दी कर माय, कोर्ट बंद व्हायलंय," मामा म्हणाला. "आता एकच कोरी राह्यली."

चौथी पास झाली. बाकड्यावर मी बसले होते, ह्याच गणवेशात.

आई उठून माझ्या मागं आली, स्क्रीनवर वाकली. "हे काय, बसलेत की तुझे पप्पा. उगं का रडून राह्यली?"

तिचं बोट स्क्रीनवरच्या माझ्या चेहऱ्यावर टेकलं होतं.